गुरूची छायाचित्रे आणि हौशी निरीक्षक

गुरूभोवती फिरणारे जूनो यान आणि अवकाशातील हबल दुर्बीण असताना घरच्या दुर्बिणीतून काढलेल्या गुरू ग्रहाच्या छायाचित्रांना केवळ हौसेचे मूल्य उरते, असे मत काही जण मांडतात; ते मला पटत नाही. त्या मोठ्या साधनांकडे तपशील भरपूर असतो, पण गुरूवर सतत लक्ष ठेवणे त्यांना शक्य नसते. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना १४.५ इंची दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग दिसला, आणि त्यांनी कळवल्यानंतर हवाई बेटांवरील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने तो गुरूवर काहीतरी आदळल्याचा व्रण असल्याची खात्री केली. ३ जून २०१० रोजी वेस्ली यांनी गुरूवर टिपलेली क्षणिक चमक फिलिपिन्सचे हौशी निरीक्षक ख्रिस्तोफर गो यांच्या चित्रफितीतही सापडल्यामुळे कॅमेऱ्यातील दोषाची शंका उरली नाही.

तंत्राबाबत थोडी भर घालतो. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे ८ इंची दुर्बिणीतूनसुद्धा दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब चित्रफीत घेतली, की बिंबाच्या मध्यभागातील तपशील पुसट होऊ लागतो. म्हणून तेवढ्याच वेळाची चित्रफीत घेऊन तिच्यातील हजारो फ्रेममधून (सुट्या चित्रांमधून) हवा स्थिर असतानाच्याच निवडून एकत्र रचतात, आणि अनेक चित्रफिती जोडायच्या असल्यास विनज्युपॉस या सॉफ्टवेअरने परिवलनाची दुरुस्ती करतात. महागडा कॅमेरा घेण्याआधी दुर्बिणीच्या आरशांचे कॉलिमेशन (ते एकमेकांशी नीट जुळलेले असणे) तपासावे, आणि प्रत्येक चित्रासोबत जागतिक वेळ मिनिटापर्यंत अचूक नोंदवावी, कारण वेळेची नोंद नसलेल्या सुंदर चित्रावरून डागाचे गुरूवरील रेखांश काढता येत नाहीत.