इंडी ५००, २०२३: एका फेरीच्या निकालाला शर्यत म्हणावे का? (अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या मोटारशर्यतीवर टोपणनावांनी झालेली चर्चा)

मागची सरळ पट्टी: "न्यूगार्डनचा विजय म्हणजे इंडीचा आदर्श शेवट" हे इथले विधान वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. २०० फेऱ्यांच्या शर्यतीत अखेरच्या वीसेक फेऱ्यांत तीनदा लाल बावटा दाखवून शर्यत थांबवली गेली. तिसऱ्या खेपेस पिटमधून (धावपट्टीलगतच्या थांब्यातून) निघालेल्या गाड्यांना जेमतेम एक संथ फेरी मिळाली आणि टायर पुरते तापण्याआधीच शर्यत सुरू करणारा हिरवा व शेवटची फेरी दाखवणारा पांढरा बावटा एकत्र फडकला. ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती धावपट्टीवर, पुढचा हवा कापतो आणि मागचा त्या पोकळीत ओढला जातो, त्यामुळे एकाच फेरीत आघाडीवरचा एरिक्सन मागच्या न्यूगार्डनपुढे जवळजवळ निःशस्त्र होता. त्याने त्याच दिवशी हा शेवट अन्याय्य आणि धोकादायक म्हटला. निकाल ०.०९७४ सेकंदाने लागला.

नऊ अंशांचा उतार: २०२२ मध्ये जॉन्सनच्या अपघातानंतर लाल बावटा लागला आणि दोन फेऱ्यांच्या झुंजीत एरिक्सनच जिंकला, तेव्हा आपण हा आक्षेप घेतला नव्हता. आणि शर्यत थांबवली नाही तर काय होते? २०२० मध्ये सातो पिवळ्या बावट्याखाली, म्हणजे पुढच्याला मागे टाकण्यास मनाई असताना, जिंकला. रात्र जागून पाहिलेली ती शर्यत रांगेत संपताना माझ्या वडिलांनी हताशपणे दूरदर्शन संच बंद केला, हे मी विसरलेलो नाही.

दुसरे वळण: आपण दोघे बावट्यांवर भांडता आहात, पण त्या दिवशी मी मुलाला घेऊन प्रेक्षकांत बसलो होतो. रोझेनक्विस्टच्या गाडीवर आदळून कर्कवूडचे चाक निखळले, जाळीवरून उडाले आणि बाहेर उभ्या असलेल्या एका रिकाम्या मोटारीवर पडले. ते दोन ग्रँडस्टँडच्या मधून गेले, एवढाच काय तो आमच्यातला आणि अनर्थातला फरक. १९८७ मध्ये याच मैदानावर उडालेल्या चाकाने एका प्रेक्षकाचा जीव घेतला होता. चाक धरून ठेवणाऱ्या दोरांचा मग उपयोग काय?

नऊ अंशांचा उतार: दोर तुटला नव्हता, ज्या भागावर चाक बसते तोच भाग मोडला. माहिती न घेता यंत्रणेवर राग काढणे मला मान्य नाही.

दुसरे वळण: कोणता भाग मोडला याने मुलाच्या अंगावरचा शहारा जात नाही. दोराने धरलेलाच भाग मोडणार असेल, तर त्या दोराचे गुणगान माझ्यापुढे करू नका.

नऊ अंशांचा उतार: हा मुद्दा मला नाइलाजाने स्वीकारावा लागतो.

मागची सरळ पट्टी: त्या चाकानंतरचा पहिला लाल बावटा योग्यच होता, हे मीही मान्य करतो. पण तिसऱ्याचे समर्थन मला अजून कोणीही दिलेले नाही. न्यूगार्डन सतराव्या जागेवरून सुरुवात करून, बाराव्या प्रयत्नात जिंकला. त्याच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, मात्र त्या फेरीविषयी नाही.