विशीतल्या मुलांचा निकाल: आईवडिलांनी किती पुढे व्हावं?

सीमोल्लंघन

विद्यापीठाचे निकाल लागायला लागले की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: रीव्हॅल्युएशनचा फॉर्म कुठे मिळतो? विचारणारे सगळे आईवडील. ज्याचा पेपर आहे तो मुलगा त्या ग्रुपवर नसतोच.

माझं मत सरळ सांगते, वाद झाला तरी चालेल. पदवीचा निकाल मुलाचा. सीट नंबर त्याचा, लॉगिन त्याचं, केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर तीही त्याचीच. आईवडिलांनी घर, जेवण, फी आणि वेळ द्यावा. फॉर्म भरणं, कॉलेजच्या खिडकीवर उभं राहणं, प्राध्यापकांना फोन करणं यातलं काहीही करू नये. मुलाने गळ घातली तरी करू नये.

कायदाही १८ पूर्ण झाल्यावर माणसाला सज्ञान मानतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या खटल्यात सांगितलं की, तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली बघता येते. हा हक्क परीक्षार्थीला दिला आहे, त्याच्या बाबांना नाही.

मी गोरेगावात एका छोट्या कंपनीत हिशेब बघते. दरवर्षी नवे पदवीधर येतात. मागच्या भरतीत एका मुलीचे वडील पगाराची बोलणी करायला फोनवर आले. मुलगी हुशार होती, मुलाखत चांगली दिली होती. तिला घेतलं नाही. वडिलांनी फोन केल्याचं तिला माहीतही नव्हतं, हे कळलं तेव्हा माझा जीव तुटला. त्या माणसाचा हेतू काही वाईट नव्हता. बालवाडीपासून प्रत्येक रांगेत तेच उभे राहिले असणार, आणि थांबायचं कधी हे त्यांना कुणी सांगितलंच नसणार.

दादर_स्लो

ताई, तुमचं म्हणणं शिकलेल्या घरांना लागू पडतं. आमच्या घरात माझा मुलगा पहिला पदवीधर. माझे वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर गेलेच नाहीत. मी दहावीनंतर नोकरीला लागलो. विद्यापीठाची नोटीस इंग्रजीत, वेबसाइट इंग्रजीत, आणि 'ऑनलाइन बघा' एवढं बोलून खिडकी बंद.

मुलाची गुणपत्रिका आली, त्यात एका विषयात गैरहजर. पेपर दिलेला होता. तो रोज कॉलेजला जायचा आणि 'नंतर ये' ऐकून परत यायचा. शेवटी मी हाफ डे टाकून त्याच्याबरोबर गेलो. मी काही भांडलो नाही, नुसता उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस समोरून हलत नाही म्हटल्यावर आतून रजिस्टर आलं, त्याची सही सापडली, पत्र तयार झालं. आता हे मी करायचं नव्हतं का? त्याचं वर्ष गेलं असतं तर ते स्वावलंबन काय करायचं?

खात्यापित्या घरातल्या मुलाच्या मागे काकाची ओळख असते, मामाचा मित्र प्राध्यापक असतो. आमच्या पोरामागे मी एकटा आहे. मीही मागे सरलो तर तो खरंच एकटा पडतो.

कांदिवलीकर

दादर_स्लो यांच्याशी शंभर टक्के सहमत. २०१७ विसरलात का सगळे? मुंबई विद्यापीठाने ऐन परीक्षेनंतर संगणकावर पेपर तपासणी आणली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली. ज्यांना बाहेर प्रवेश मिळाले होते त्यांच्या हातात गुणपत्रिका नव्हत्या. शेवटी ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं. एवढं मोठं यंत्र बिघडतं तेव्हा वीस वर्षांच्या पोराला 'तुझं तू बघ' म्हणणं मला पटत नाही.

प्रभातफेरी

मी खिडकीच्या आतल्या बाजूने लिहितो. कॉलेजच्या कार्यालयात परीक्षा विभागात होतो, आता निवृत्त आहे.

दादर_स्लो, तुम्ही गेलात ते बरोबरच केलंत, कारण मुलगा सोबत होता. माझा अनुभव मुलाशिवाय येणाऱ्या पालकांचा आहे. हॉल तिकीट आणलेलं नाही, पेपर कोणत्या सत्राचा ते माहीत नाही, विषयाचं नाव 'अकाउंट्स' एवढंच. अर्ज घाईघाईत भरतात, सीट नंबरचा एक आकडा चुकतो, अर्ज परत येतो. तोवर मुदत संपलेली असते. ही मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, आणि घरी भांडण मिटून बोलणं सुरू होईपर्यंत तिच्यातले निम्मे दिवस गेलेले असतात. हे मी प्रत्येक सत्रात बघितलं.

आणखी एक. पालक आला की थेट 'पुन्हा तपासा' म्हणतो. शहाणा विद्यार्थी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतो. ती हातात घेऊन बसावं: पहिल्या पानावरचे गुण आणि आतले गुण जुळतात का, बेरीज बरोबर आहे का, एखाद्या उत्तराला गुणच द्यायचे राहिलेत का. त्यात काही सापडलं तर पुढचे पैसे भरावेत. पण हे फक्त पेपर लिहिणाराच करू शकतो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्याने शेवटच्या पानावर लिहिलंय हे आईला कसं कळणार?

टीवाय_सेम_सहा

इथे ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यातली मी एक. बीकॉम, शेवटचं वर्ष.

निकालाचा ओटीपी आईच्या मोबाइलवर येतो, कारण अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी तिचा नंबर दिला होता आणि पुढे तोच सगळीकडे गेला. त्यामुळे निकाल लागला हे आईला माझ्याआधी कळतं. पाचव्या सत्राच्या वेळी मी कुर्ल्याच्या पुलावर उभी राहून मोबाइल उघडला तेव्हा तिचे सात मिस्ड कॉल होते. मी मुद्दाम तिथेच थांबले होते. आमचं घर म्हणजे चाळीतली एक खोली आणि मोरी. तिथे रडायला जागा नाही.

मला दोन्ही बाजूंची भीती वाटते. आईने खिडकीवर जाऊन भांडू नये असं वाटतं. पण सीमोल्लंघन ताईंसारखं 'तुझं तू बघ' कुणी म्हटलं तर मी कोलमडेन. मला एवढंच हवंय की निकाल कळल्यावर एक रात्र कुणी काही विचारू नये, आणि आत्याला, काकूला, शेजारच्या वहिनींना मी सांगायच्या आधी सांगू नये. गुण माझे आहेत, तर ते कुणाला सांगायचे हे मी ठरवावं ना?

खारीबिस्किट

मुली, तुझी एक रात्र तुला मिळायलाच हवी. पण एका रात्रीची चार सत्रं कशी होतात ते मी घरातच पाहिलंय, म्हणून सीमोल्लंघन यांना माझा विरोध आहे.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा इंजिनियरिंगला होता. भाऊ-वहिनी अगदी तुम्ही म्हणता तसे. मोठा झालाय, त्याचं तो बघेल, आपण फी भरायची. मुलगा रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, वेळेवर परत यायचा. केटी साचत गेल्या, पुढच्या वर्षाचा प्रवेश अडला, आणि हा तरीही डबा घेऊन निघतच होता. दिवसभर कुठे असायचा? ट्रेनमध्ये. चर्चगेट ते विरार, विरार ते चर्चगेट. पास होताच. घरी कळलं ते फीची पावती मागितल्यावर.

त्याला मी नंतर विचारलं, बोलला का नाहीस. म्हणाला, 'कुणी विचारलंच नाही, आणि आपणहून सांगायला तोंड नव्हतं.' म्हणून मी म्हणतो, विचारा. दर सत्राला गुणपत्रिका समोर ठेवून बसा. राग येणार असेल तर दुसऱ्या दिवशी बसा, पण बसा. पोरगं गप्प झालं, जेवेनासं झालं, रात्रभर जागं राहू लागलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, नंबर घरात सगळ्यांना माहीत हवा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. भावाच्या मुलाला समुपदेशकाकडे नेणारी त्याची आईच होती. 'सज्ञान आहे, स्वतः जाईल' म्हणत बसली असती तर तो गेला नसता.

ठाणेकाका

पैशाची बाजू कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो. मी बँकेत शैक्षणिक कर्जं बघायचो.

'निकाल फक्त मुलाचा' हे कर्जाच्या कागदावर टिकत नाही. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. मुलाचं वर्ष लांबलं तर बँकेला वेळेत कळवून मुदत वाढवून घेता येते. न कळवता हप्ते थकले तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, दोघांचंही बिघडतं. निवृत्तीला आलेले वडील आणि नोकरी शोधणारा मुलगा, दोघेही एकदमच अडकतात. तेव्हा केटी लागली की नाही हे कळण्याचा वडिलांना पूर्ण हक्क आहे, त्यांनी सही केली आहे. या मुद्द्यावर मला दुसरी बाजूच दिसत नाही.

कांदिवलीकर

काका, कर्जाचं ठीक. पण पदवीनंतर काय? राज्यसेवेला खुल्या गटात ३८ वर्षांपर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयोमर्यादा आहे. माझ्या ओळखीत मुलगा तिशी ओलांडून गेला, अजून 'या वेळी नक्की' चाललंय. आई शिवणकाम करते. अशा वेळी साथ द्यायची म्हणजे किती वर्षं?

सीमोल्लंघन

सगळं वाचलं. माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही, पण त्याचा जो अर्थ घेतला गेला तो माझा नाही.

खारीबिस्किट, मी विचारू नका असं कुठेच म्हटलेलं नाही. फी देणाऱ्याने गुणपत्रिका बघावी, कर्जावर सही करणाऱ्याने तर बघायलाच हवी. तुमच्या पुतण्याच्या घरी फी भरली गेली आणि बोलणं बंद पडलं. तो मागे सरण्याचा दोष नाही, अबोल्याचा आहे. माझा विरोध आहे तो मुलाचं काम त्याच्या हातातून काढून घेण्याला. आजारात मात्र मी हा नियम लावणार नाही. तिथे आईने हात धरून न्यावं, वय काहीही असो.

कांदिवलीकर, स्पर्धा परीक्षेचं तुम्ही विचारलंत. माझ्या मते वर्षं आणि रक्कम दोन्ही आधीच बोलून घ्यावीत, क्लास लावायच्या आधी. अमुक महिन्यापर्यंत घरखर्चात एक पैसाही मागणार नाही, त्यानंतर अर्धवेळ का होईना, काम. तारीख मुलाने सुचवावी. मुंबईत पंचविशीचा मुलगा वेगळी खोली भाड्याने घेऊ शकत नाही, म्हणून तो आईवडिलांच्या घरी राहणार हे उघड आहे. पण त्याच घरात तो विजेचं बिल भरायला लागला की त्याच्याशी बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतःच्या घरात पाहते आहे. माझा मुलगा पहिल्या पगारापासून विजेचं आणि गॅसचं बघतो. रक्कम फार नाही. पण आता त्याच्या रात्री उशिरा येण्यावरून मी बोलते तेव्हा जरा जपून बोलते.

दादर_स्लो

ताई, तुमच्या मुलाला पहिल्या फटक्यात नोकरी लागली, म्हणून हे जमलं. माझा पदवी घेऊन वर्षभर घरी होता. तेव्हा त्याच्याकडे विजेचं बिल मागणं म्हणजे जखमेवर मीठ. शिकाऊ उमेदवारी मिळाली ती माझ्या युनियनमधल्या माणसाने सांगितली म्हणून. मी शब्द टाकला, आणि परत वेळ आली तर परत टाकेन. मोठ्या लोकांची मुलं ओळखीने लागतात तेव्हा त्याला कुणी लुडबुड म्हणत नाही. आम्ही केलं की मुलाला पांगळं करतो म्हणतात. हे मला मान्य नाही.

सीमोल्लंघन

शब्द टाकलात ते योग्यच केलंत. मुलाखत त्यानेच दिली ना? मग आपलं भांडण फक्त खिडकीपुरतं उरलं, आणि तिथे मी ठाम आहे. वडील उभे राहिल्यावरच रजिस्टर बाहेर येतं, ही त्या कार्यालयाची चूक आहे. सगळे वडील रांगेत उभे राहत गेले तर एकट्या मुलाला उत्तर द्यायची सवय त्या खिडकीला लागणार कधी?

दादर_स्लो

त्या खिडकीला सवय लावण्यासाठी माझ्या पोराचं वर्ष मी देणार नाही. ज्यांना परवडतं त्यांनी द्यावं.

टीवाय_सेम_सहा

प्रभातफेरी काका, एक विचारू? सहाव्या सत्रात एका विषयात चार गुण कमी पडलेत. निकाल परवा लागला. छायाप्रतीसाठी मी स्वतः जाणार आहे. सोबत काय काय न्यायचं?

प्रभातफेरी

हॉल तिकीट, निकालाची प्रिंट, कॉलेजचं ओळखपत्र, तिन्हींच्या झेरॉक्स. जायच्या आधी विद्यापीठाच्या वेबसाइटवर या सत्राचं परिपत्रक उघड, शेवटची तारीख आणि शुल्क त्यात दिलेलं असतं. कॉलेजची तारीख कधी कधी त्याच्याही आधीची असते, ती नोटीस बोर्डावर बघ. पेपरचा कोड हॉल तिकिटावरून उतरव, आठवणीने लिहू नकोस. पैसे भरल्याची पावती मोबाइलमध्ये ठेव आणि एक प्रत घरी ठेव. आणि अर्जावर मोबाइल नंबर या वेळी तुझा टाक.