मदत हवी आहे : रात्री दारं धरताना (पिकाला पाणी देताना) ऐकायला बटणांचा प्लेअर, बजेट तीन हजार

नमस्कार मंडळी,

शेती जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पलीकडे. अडीच एकर ऊस, बाकी कांदा. आमच्या फिडरला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळी असली की दहाच्या सुमाराला मोटर सुरू होते ती पहाटे सहापर्यंत, आणि तेवढा वेळ खोरं घेऊन एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी फिरवत बसायचं. काम अवघड नाही, पण एकट्याने आठ तास म्हणजे झोप येतेच. म्हणून काहीतरी ऐकायला हवं.

फोन आहेच की, असं कुणीही म्हणेल. पण मोटरला मोबाइल स्टार्टर बसवलाय. लाईट गेली, आली, मोटर बंद पडली की तो मला फोन करतो. गाणी लावून आणि त्याच फोनची विजेरी वापरून पहाटे चारला फोन मान टाकतो, आणि नेमका त्याच वेळी फ्यूज उडतो. दुसरं, चिखलाच्या ओल्या अंगठ्याला स्क्रीन दाद देत नाही. गाणं पुढे ढकलायला गेलो की कुणाला तरी रात्री दोनला फोन लागतो. (मेहुण्याला दोनदा लागलाय. तो आता उचलतच नाही.)

हेडफोनही नको. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे, यावरून काय ते समजा. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात की रात्री रानात एकटे जाऊ नका, जावंच लागलं तर बोलत राहा, मोबाइलवर गाणी लावा, माणूस आहे हे त्याला कळू द्या. तेव्हा मला आवाज बाहेर यायला हवा आणि माझे दोन्ही कान मोकळे हवेत.

आता ऐकायचं काय, कारण खरी अडचण तिथेच आहे. नारायणगाव म्हणजे तमाशा पंढरी. गुढीपाडव्याच्या आधीपासून इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाईंचं गाव हे. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, त्याचा फार नाद. यात्रेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पुढे बसायचे आणि अख्खा वग भरून आणायचे. साठएक कॅसेट आहेत, सगळ्या ९० मिनिटांच्या. गेल्या दिवाळीत पुतण्याने त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. एका बाजूची एक फाइल, म्हणजे प्रत्येक फाइल ४५ मिनिटांची, ३२० केबीपीएसची एमपी३. सगळं मिळून १३ जीबीच्या आसपास.

मागच्या वर्षी ऑनलाइन एक चौदाशेचा प्लेअर घेतला होता. नाव सांगत नाही. दिसायला झ्याक, पण बटणं काचेवर छापलेली, हाताला लागायचीच नाहीत. मराठी नावांच्या जागी चौकोन यायचे, आणि ज्या फाइलींची नावं यायची त्यांत वेलांट्या भलतीकडे. सगळ्यात वाईट म्हणजे बंद करून चालू केला की फाइल पहिल्यापासून. गण, गवळण, बतावणी आठवड्यातून पाच वेळा ऐकली, वग मात्र एकदाही राजाच्या दरबाराच्या पुढे गेला नाही. शेवटी पुतण्याला देऊन टाकला.

तर मला हवंय ते असं : अंधारात बोटाला लागतील अशी बटणं, स्वतःचा स्पीकर, कार्ड घालायची सोय, रात्रभर टिकणारी बॅटरी, आणि जिथे थांबलं तिथूनच सुरू होणं. आवाज फार उंची नसला तरी चालेल, मूळ रेकॉर्डिंगमध्येच शेंगदाणेवाला ओरडतोय. कुणी असं काही वापरत असेल तर सांगा.

प्रतिसाद १

तीन हजारांचे सहा करता आले तर फिओच्या स्नोस्की मालिकेतला इको मिनी बघा. कॅसेट प्लेअरसारखा दिसतो, खरी बटणं आहेत, आत ८ जीबी, वरून २५६ जीबीपर्यंत कार्ड. त्यात सायरस लॉजिकच्या दोन डॅक चिप (डिजिटल फाइलीचं आवाजात रूपांतर करणाऱ्या) आहेत. या किमतीत असा आवाज दुसरीकडे मिळणार नाही. आयपॉड २०२२ मध्ये कायमचा बंद झाल्यावर मी बरेच पर्याय चाळले, त्यातला हा खिशाला परवडणारा.

धागाकर्ता

धन्यवाद. फोटो बघून दादाही खूश झाले, कॅसेटच वाटली त्यांना. पण याला स्पीकर दिसत नाही?

प्रतिसाद १

नाही, स्पीकर नाही. ब्लूटूथ आहे, वेगळा स्पीकर जोडता येईल. पण मग दोन वस्तू चार्ज करायच्या आणि दोन चिखलात पडायच्या. तुमच्या कामाचा नाही, मान्य. शहरात बसून बिबट्याचा विचार डोक्यात येत नाही हो.

प्रतिसाद २

सारेगामाचा कारवाँ? मराठीतही निघालाय. मोठी बटणं, पेन ड्राइव्ह लावता येतो.

धागाकर्ता

मावशीकडे आहे, आवाज छान. पण तो घरात टेबलावर ठेवायचा डबा. शिवाय त्यातल्या गाण्यांचे पैसे द्यायचे आणि ऐकायचं मात्र आपलं पेन ड्राइव्हवरचं, असं होईल.

प्रतिसाद ३

दादा, प्लेअर शोधूच नका, कीपॅडचा फोन बघा. नोकियाने २०२० मध्ये ५३१० हे जुनं नाव परत आणलं. पुढच्या बाजूला दोन स्पीकर, कडेला गाण्यांची वेगळी बटणं, ३२ जीबीपर्यंत कार्ड, बॅटरी १२०० एमएएच आणि मुख्य म्हणजे काढता येणारी. तेव्हा किंमत ३,३९९ होती. सिम घालायची गरजच नाही. रेडिओ हेडफोनच्या वायरीशिवाय लागतो. इतर कीपॅड फोनही चालतील, फक्त कार्डाची जागा आहे ना ते बघून घ्या. सगळ्यात स्वस्त मॉडेलांना कधी कधी नसते.

एकच गोष्ट : ४५ मिनिटांची फाइल अर्ध्यातून सुरू होते का, ते दुकानात स्वतःच्या कार्डावर करून बघा. दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

प्रतिसाद ४

धागा वाचून राहवलं नाही म्हणून जरा लांबण लावतो. कॅसेटी उतरवायचं काम बरीच वर्षं केलंय.

भाऊ, तुम्ही यंत्रात सोय शोधताय, ती फाइलमध्ये करा. जिथे थांबलं तिथून सुरू होणारे प्लेअर आहेत. सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेत ऑडिओबुकचा वेगळा फोल्डर असतो, त्यातल्या फाइली मध्येच सोडल्या तर तिथूनच पुढे चालतात. जुन्या क्लिप प्लसवर रॉकबॉक्स हे मोफत फर्मवेअर (यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम) टाकलं की हवी तिथे खूण ठेवता येते. पण त्यांना स्पीकर नाही. आणि स्पीकरवाल्या स्वस्त डब्यांना हे जमेलच असं नाही. मात्र त्यातल्या बऱ्याच जणांना एवढं लक्षात राहतं की कितवी फाइल चालू होती. मग फाइलच दहा मिनिटांची करा! बंद केलं तर फार तर दहा मिनिटं मागे जाल. वगात दहा मिनिटं मागे गेल्याने काही बिघडत नाही, सोंगाड्या तोच विनोद तीनदा करतो.

कसं करायचं : ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम मोफत आहे. त्यात ठरावीक अंतरावर खुणा टाकता येतात आणि त्या खुणांवरून सगळे तुकडे एकदम बाहेर काढता येतात. जमलं तर खूण ढोलकीच्या तोड्यावर किंवा टाळ्यांवर सरकवा, कारण दोन तुकड्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडते आणि ती वाक्याच्या मधोमध आली तर खटकते.

तिथेच दुसरं काम उरका. तुमच्या वडिलांचा टेपरेकॉर्डर बहुतेक एका माइकचा असणार, म्हणजे रेकॉर्डिंग मोनो. ते ३२० केबीपीएस स्टिरिओत ठेवणं म्हणजे एका पोत्याचा कांदा दोन पोत्यांत भरणं. मोनो ६४ केबीपीएस करा, बोलणं आणि ढोलकी स्वच्छ ऐकू येते. तासाला २९ एमबी लागतात. तुमचे नव्वद तास तीन जीबीतही बसतील. पण हे फक्त कार्डासाठी. मूळ फाइली घरी हार्ड डिस्कवर तशाच ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. कॅसेटी फेकू नका.

कार्ड ३२ जीबीचंच घ्या. ६४ आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, बाजारातल्या स्वस्त डब्यांना ती बऱ्याचदा वाचताच येत नाहीत.

वेलांट्यांचं कोडंही सांगतो. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी असते. पडद्यावर ती अक्षराच्या अलीकडे आणणं हे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. अँड्रॉइडला ते येतं, स्वस्त प्लेअरच्या फर्मवेअरला येत नाही. ज्यात देवनागरीचा फॉन्टच नाही तिथे चौकोन. म्हणून नावं आकड्यांत ठेवा : पहिले दोन आकडे वगाचे, पुढचे दोन तुकड्याचे. यादी कागदावर लिहून डब्याला चिकटवा.

प्रतिसाद ५

वरच्या सगळ्याला दुजोरा, पण एक भर. आमच्या सासूबाईंच्या भजनी मंडळाला असा बाजारातला डबा आहे, नोकियाच्या बीएल-५सी मापाची बॅटरी लागते तो. त्यात काकड आरतीच्या आधी शेजारती लागायची! नावांना आकडे देऊनही. शेवटी मुलाने शोधून काढलं की तो डबा नावं बघतच नाही, कार्डावर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतो. तेव्हा कार्ड पूर्ण पुसून फाइली क्रमाने टाका, एकदम सगळ्या ओढू नका. फॅटसॉर्ट नावाचं मोफत साधनही आहे, ते कार्डावरचा क्रम लावून देतं. मध्येच एखादी नवी फाइल टाकली की पुन्हा सगळं करावं लागतं, एवढा वैताग आहे.

धागाकर्ता

ताई, हसून हसून पुरेवाट. हे कळलं नसतं तर मीही डबा बदलत बसलो असतो.

प्रतिसाद ६

जुना स्मार्टफोन विमान मोडवर टाकून वापरता येईल की. बॅटरी बरीच टिकते. उगाच नवीन खरेदी कशाला?

धागाकर्ता

दिवसा चालेल. रात्री ओल्या हाताला स्क्रीनच नको झालीय मला. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातला तरी तेच.

प्रतिसाद ४

बॅटरीचा हिशोब राहिला होता. बीएल-५सी १०२० एमएएचची असते, असा डबा मध्यम आवाजात साधारण दीडशे ते दोनशे मिलिअँपिअर खातो. म्हणजे पाच-सहा तास. तुमची पाळी आठ तासांची. जास्तीची एक बॅटरी खिशात ठेवा. आतच बसवलेली, न निघणारी बॅटरी असेल तर तो डबा घेऊ नका.

धागाकर्ता (दहा दिवसांनी)

मंडळी, घेतला. आळेफाट्याला तीन दुकानं फिरलो, स्वतःचं कार्ड खिशात घेऊन. ५३१० काही मिळाला नाही. दुसऱ्या एका कीपॅड फोनवर बघितलं, फाइल पहिल्यापासूनच सुरू होत होती. मग भजनाचा डबाच घेतला, साडेसहाशेला. दुकानदाराला डोळे मिटून बटणं दाबून दाखवली तेव्हा त्याला वाटलं मला दिसत नाही, पन्नास रुपये कमी केले. खरं सांगितलं आणि पन्नास परत दिले.

पुतण्याने दोन रात्री बसून बावीस वगांचे तुकडे पाडले. बंद करून चालू केलं की तीच फाइल लागते. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, तोंडाला रबर लावून बांधावरच्या काठीला अडकवतो. पातळ पिशवीतून आवाज अडत नाही. बॅटरी सव्वापाच तास टिकली, दुसरी घातली. पुढच्या निळ्या दिव्यावर किडे यायला लागले म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावली. परवा रात्री वग दरबाराच्या पुढे गेला. दादा दुसऱ्या दिवशी विचारत होते, प्रधानाचं कारस्थान उघडं पडलं का. पडलं म्हटलं, मग त्यांनी पुढचं सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं.

एकच तक्रार राहिली. चालू केला की आतली बाई पूर्ण आवाजात इंग्रजीत काहीतरी ओरडते, त्यानंतर वग सुरू होतो. रात्री अकराला शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठतात. ते बंद करायचं कुणाला माहीत आहे का?

प्रतिसाद ५

ते बंद होत नाही. सासूबाई चालू करताना डबा पदरात गुंडाळतात.