त्रिमूर्ती चौकापलीकडच्या वसाहतीतून शहर बस काढून घेण्याचा प्रस्ताव : हरकत नेमकी कशी घ्यावी?

प्रश्न : सिडकोवासी

नमस्कार. नवीन नाशिकमध्ये, म्हणजे सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या पलीकडे आमची वसाहत आहे. आमच्याकडची शहर बस वसाहतीतल्या पाराजवळून सुटते आणि त्रिमूर्ती चौक, उंटवाडी, मायको सर्कल, त्र्यंबक रोड, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), रविवार कारंजा असे करत निमाणीला जाते. मागच्या आठवड्यात वाहकाने जाता जाता सांगितले, की येत्या महिन्यापासून ही बस वसाहतीत न शिरता त्रिमूर्ती चौकातूनच माघारी फिरणार आहे, कारण ‘आतल्या टप्प्याला प्रवासी नाहीत’. थांब्यावर सूचना नाही, कोणाला विचारणा नाही.

वसाहतीतून चौकापर्यंतचे अंतर सव्वा किलोमीटर आहे. धडधाकट माणसाला हे काही फार नाही, हे मी मान्य करते. परंतु माझ्या सासूबाईंना दर पंधरवड्याला त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागते, म्हणून रविवारी मुद्दाम त्यांच्यासोबत घड्याळ लावून चौकापर्यंत चालून पाहिले. मी एकटी पंधरा मिनिटांत जाते. त्यांच्यासोबत चौतीस मिनिटे लागली. वाटेत चार ठिकाणी थांबलो, त्यातला एक थांबा पिठाच्या गिरणीच्या पायरीवर, आणि तिथे बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, ‘दवाखान्यात जाण्याआधीच डॉक्टर लागेल ग मला.’ रिक्षावाले चौकापर्यंत एकट्या सवारीला यायला नाखूश असतात, आणि आलेच तर बसच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मागतात.

वसाहतीतल्या लोकांच्या सह्यांचे निवेदन तयार होत आहे. काही जण रास्ता रोको करू म्हणतात. मला त्यात अर्थ वाटत नाही, पण नुसत्या सह्यांनी काही हालेल याचीही खात्री नाही. निवेदनात काय लिहिले म्हणजे ते टेबलावरून टेबलावर न फिरता कोणीतरी वाचेल, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त वाहक

ताई, मी शहर बसवर वाहक म्हणून बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे ‘आतल्या टप्प्याला प्रवासी नाहीत’ हे वाक्य मला पाठ आहे. त्यामागचा हिशेब कसा असतो ते आधी समजून घ्या, मगच निवेदन लिहा.

८ जुलै २०२१ पासून नाशिकची शहर बस एसटीकडून महापालिकेच्या परिवहन कंपनीकडे आली. या व्यवस्थेत बस चालवणाऱ्या ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात आणि तिकिटाचे उत्पन्न परिवहन कंपनीकडे जमा होते. म्हणजे गाडी रिकामी धावली तरी ठेकेदाराचे काही जात नाही, सगळा भार कंपनीवर येतो. त्यामुळे खर्च कमी करायचा म्हटले की वरच्या माणसाची नजर पहिल्यांदा किलोमीटरवर जाते. तुमची बस दिवसाला चौदा फेऱ्या करत असेल, तर जाऊन-येऊन अडीच किलोमीटरप्रमाणे पस्तीस किलोमीटर एका फटक्यात वाचतात. कागदावर ते फार सुरेख दिसते.

मात्र या हिशेबात एक मोठी गफलत होते, आणि तुमच्या निवेदनाचा मुख्य मुद्दा तोच असायला हवा. कोणत्याही मार्गाच्या टोकाला भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचे प्रमाण, कमीच दिसते, कारण गाडी तिथे भरायला सुरुवात होते किंवा रिकामी होत आलेली असते. समजा, तुमच्या पाराजवळ बारा माणसे चढली. उंटवाडीला गाडीत चाळीस झाली, सीबीएसला साठ. टप्पानिहाय तक्ता पाहिला तर वसाहतीचा टप्पा सर्वांत दुबळा दिसणार. पण त्या बारांपैकी आठ जण थेट सीबीएस किंवा निमाणीचे तिकीट काढतात, म्हणजे त्यांचे पैसे पुढच्या प्रत्येक टप्प्यावर जमा होतात. बस चौकातून फिरवली की सव्वा किलोमीटरचे डिझेल किंवा सीएनजी वाचते, आणि हे आठ जण दुचाकीवर बसून कायमचे निघून जातात. शेपूट तोडले म्हणून वजन घटले असे वाटते, पण शेपटासोबत गेलेले भाडे दुसऱ्याच रकान्यात असते, त्यामुळे ते कोणाला दिसत नाही.

दुसरे म्हणजे पासधारक. पास दाखवणाऱ्याची नोंद वाहकाने तिकीट यंत्रावर करायची असते, परंतु सकाळच्या गर्दीत, मागच्या दारातून माणसे आत येत असताना, ती प्रत्येक वेळी होतेच असे नाही. मी स्वतः हे केले आहे, तेव्हा दुसऱ्या कोणाला बोल लावत नाही. तुमच्याकडे विद्यार्थी जास्त असतील, तर प्रत्यक्षात भरलेली गाडी नोंदीत अर्धी रिकामी असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून सह्या गोळा करण्याआधी माणसे मोजा. पाराजवळ वही घेऊन तीन दिवस कोणीतरी बसावे, आणि सोमवार ते शनिवार यांतले दिवस निवडावेत. प्रत्येक फेरीला किती चढले, किती उतरले, त्यात पासधारक किती आणि कुठवर जाणार, एवढेच लिहावे. तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक टाकायला विसरू नका, कारण नेमके तेच नसले की वाहतूक निरीक्षक वही बाजूला ठेवतो.

उत्तर : उंटवाडीचा प्रवासी

मी याच बसने उंटवाडीहून सीबीएसला जातो, आणि माझे मत आपणा सर्वांपेक्षा वेगळे आहे. राग मानू नये.

सकाळची सव्वानऊची गाडी उंटवाडीला कधीही वेळेवर येत नाही. एक दिवस उत्सुकतेपोटी मी उलट दिशेने बसून वसाहतीपर्यंत आलो, तेव्हा कारण कळले. मेडिकलच्या दुकानापासून पारापर्यंत दोन्ही बाजूंना चारचाकी उभ्या होत्या, वळणावर भाजीची गाडी होती, आणि समोरून पाण्याचा टँकर आला तेव्हा आमचा चालक हॉर्न न वाजवता शांतपणे हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला, म्हणजे हे त्याच्या रोजच्या अंगवळणी पडलेले असणार. सव्वा किलोमीटरला सतरा मिनिटे लागली. त्यानंतर ती बस उंटवाडी, मायको सर्कल आणि सीबीएसच्या थांब्यांवर ताटकळणाऱ्या शंभरेक लोकांसाठी उशिराच पोहोचणार.

सिडकोचे रस्ते मूळचेच अरुंद. त्यातून घरांवर मजले चढले आणि घरागणिक गाड्या वाढल्या. बस आत यावी असे वसाहतीला वाटत असेल, तर तिला वळायला जागा देण्याची जबाबदारीही वसाहतीने घ्यावी. याविषयी आपल्या निवेदनात एक ओळ तरी असणार आहे का?

उत्तर : पहिल्या पाळीची कामगार

वरील गृहस्थांचा मुद्दा खरा असला तरी तो सव्वानऊच्या गाडीचा आहे. मी सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. सातला आत असावे लागते. वसाहतीतून सहाला सुटणारी गाडी मला मायको सर्कलला सोडते आणि तिथून सातपूरची दुसरी बस मिळते. त्या वेळी रस्त्यावर एकही गाडी आडवी येत नाही. हिवाळ्यात सहाला अंधार असतो आणि चौकापर्यंतच्या वाटेवर कुत्र्यांची टोळी असते. तेव्हा मार्ग बदलायचाच असेल, तर सगळ्याच फेऱ्या एकाच फटक्यात का काढायच्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर : अर्जदार

निवेदनाच्या जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाकावा, कारण उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि बदल येत्या महिन्यात आहे. शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत असावा लागतो, त्यामुळे रस्ते, पार्किंग आणि बस यांची खिचडी करू नये. फक्त या मार्गाची मागील तीन महिन्यांची फेरीनिहाय व टप्पानिहाय तिकीट विक्री, पासधारकांच्या नोंदी, आणि मार्गबदलाच्या प्रस्तावाची टिपणी एवढेच मागावे. ‘बस का बंद केली’ असा प्रश्न विचारला, की ‘माहिती या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर हमखास येते. कागद मागावा, कारण विचारू नये.

कारण मागायचेच असेल, तर ते निवेदनात कलमासह मागता येते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ग) नुसार जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांच्याशी संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची असते, आणि ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवायची असतात. वाहकाच्या तोंडून कळलेला बदल या दोन्हींत बसत नाही. निवेदनात ही दोन कलमे आली, की ते वाचणाऱ्याला उत्तर देणे भाग आहे असे निदान वाटते.

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समक्ष ऐकतात त्या दिवसाचा, पर्याय कोणी सुचवील, म्हणून सांगून ठेवतो. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. चारशे सह्यांचे निवेदन तिथे घेतले जाणार नाही. पण सासूबाईंच्या रुग्णालयाच्या फेऱ्यांचा अर्ज ताईंनी स्वतःच्या नावाने दिला, तर तो बसू शकतो.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे हा बदल कायमचा आहे की तात्पुरता. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामे निघत आहेत आणि त्यासाठी वळवलेला मार्ग समजण्यासारखा आहे, परंतु तशा वेळी पूर्ववत होण्याची तारीख लेखी घ्यावी. ‘तात्पुरते’ हा शब्द आपल्याकडे फार टिकाऊ असतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर : सिडकोवासी

सर्वांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन दिवस पाराजवळ बसून मोजणी केली. सकाळी माझे सासरे, दुपारी शेजारची बारावीतली मुलगी आणि संध्याकाळी मी.

आकडे आमच्या बाजूचे आहेत, पण पूर्णपणे नाहीत. सकाळी सहा ते आठच्या चार फेऱ्यांना वसाहतीतूनच सरासरी एकवीस माणसे चढली, त्यात बहुतेक पासधारक. संध्याकाळी पाच ते आठमध्येही गाडी भरून येते. दुपारी बारा ते चार मात्र तिन्ही दिवस दोन-तीन माणसांच्या वर कोणी नव्हते, आणि शुक्रवारी दीडची फेरी अगदी रिकामी गेली. चौदाच्या चौदा फेऱ्या हव्यात असे आता मला प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. त्यामुळे दुपारच्या चार फेऱ्या चौकातून फिरवाव्यात आणि उरलेल्या दहा आत आणाव्यात, अशी मागणी आम्ही करणार आहोत. यावर कालच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. ‘आपणच चार सोडल्या तर ते उद्या दहा काढतील,’ असे काहींचे म्हणणे पडले, आणि ते चूक आहे असे मला छातीठोकपणे सांगता आले नाही.

सासूबाईंची रुग्णालयाची वेळ सकाळी नऊची असल्याने त्यांची जाण्याची सोय या दहांत होते. परतताना मात्र दुपारी चौकापासून चालावे लागेल, त्याला तूर्त माझ्याकडे उत्तर नाही.

उंटवाडीच्या दादांना : आपला राग मानला नाही. वळणावरच्या दोन चारचाकींपैकी एक आमचीच होती. ती परवापासून मागच्या गल्लीत लावतो आहोत, दुसऱ्या गाडीच्या मालकांशी बोलणे चालू आहे, आणि भाजीवाल्या मावशी सकाळी दहानंतर वळणावर यायला तयार आहेत. सव्वानऊची गाडी सोमवारी उंटवाडीला किती वाजता आली, तेवढे कृपया इथे कळवावे; निवेदनासोबत ती वेळही जोडायची आहे.