मॅकनॉटन नक्की तोफखान्याचा माणूस होता की शास्त्रज्ञ?

वाचनवेडा: काश्मीर प्रश्नावर वाचताना १९४९ चा 'मॅकनॉटन प्रस्ताव' सारखा येतोय. हा कॅनडाचा जनरल ना? मग यूएनमध्ये कसा काय पोचला?

तोफगोळा: अरे दोन्ही होता तो! कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग केलेलं, मग पहिल्या महायुद्धात तोफखान्यात. १९१७ ला फ्रान्समधल्या विमीच्या लढाईआधी शत्रूच्या तोफा शोधून गप्प करायचं काम त्याच्याकडे होतं. म्हणजे बघ, मायक्रोफोन ओळीने लांब लांब लावायचे, तोफ उडाली की प्रत्येकाकडे आवाज थोडा पुढेमागे पोचतो, त्या सेकंदाच्या बारीक फरकावरून तोफ कुठेय ते काढायचं. हल्ल्याआधीच बहुतेक जर्मन तोफांचा पत्ता लागलेला. डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला, दोनदा जखमी पण झाला.

निवांत: पण दुसऱ्या महायुद्धात गणित फसलं की. फर्स्ट कॅनेडियन आर्मीचा कमांडर होता, १९४३ च्या शेवटी पद सोडावं लागलं. संरक्षणमंत्री केलं तर पोटनिवडणुकीत आपटला. माझ्या मते माणूस हुशार पण राजकारण त्याचा प्रांतच नव्हे.

तोफगोळा: मान्य. यूएनचं म्हणशील तर, तो तिथे कॅनडाचा प्रतिनिधी होता आणि डिसेंबर १९४९ ला सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद कॅनडाकडे होतं, म्हणून काश्मीरचं त्याच्या गळ्यात पडलं. दोन्ही बाजूंनी सैन्य कमी करा म्हणाला, भारताला ते पटलं नाही.

वाचनवेडा: अच्छा, आत्ता टोटल लागली. थँक्स!