मदत हवी आहे: मळ्यातल्या घराच्या इन्व्हर्टरला ३४ हजारांची लिथियम बॅटरी घ्यावी का?

मळ्याची_वाट
भिलवडीजवळ मळ्यात घर आहे, शेतीच्या फीडरवर. थ्री फेज ८ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मधल्या वेळात सिंगल फेज आली तर आली. ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे, त्यावर १५० एएचची (अँपिअर-अवर) उंच ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी. तिनं पावणेतीन वर्षांत मान टाकली. पाणी वेळेवर घातलेलं आहे, तरी आता दोन पंख्यांवर दीड तासात बीप सुरू होतो.

दुकानदार म्हणतो, तीच ट्यूब्युलर परत घेतली तर १६,५००, जुनीचं भंगार वजा. नाहीतर १२.८ व्होल्ट १०० एएच लिथियम ३४,०००, ५ वर्षं वॉरंटी, "१५० ची बरोबरी करते, पाण्याची कटकट नाही." दुप्पट पैसे घालण्यात अर्थ आहे का? लोड: रात्री २ पंखे, ४ एलईडी, टीव्ही दोन तास, वायफायचा राउटर. फ्रीज आणि मिक्सर इन्व्हर्टरवर नाहीत.

तांब्याची_तार
नवीन काय घ्यायचं ते नंतर बघू. जुनी का गेली हे आधी कळायला पाहिजे, नाहीतर नवीनही त्याच वाटेनं जाईल.

हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) आणा, बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. इन्व्हर्टरवर चार्जिंग पूर्ण दाखवल्यावर बंद करून दोन तास थांबा, मग सहाही सेलचं रीडिंग घ्या. नुकतंच पाणी घातलं असेल तर घेऊ नका, वरचं पाणी मिसळलेलं नसतं, रीडिंग खोटं येतं. डोळ्याला चष्मा हवाच, आणि अंगावर जुना शर्ट. ॲसिडचा एक थेंब पुरतो.

पूर्ण चार्ज ट्यूब्युलरला १.२४० च्या आसपास दिसायला हवं. पाच सेल बरोबर आणि एकच खाली असेल तर तो सेल गेला, वॉरंटीत बदलून मागा. सहाही सारखेच खाली असतील तर कथा वेगळी.

मळ्याची_वाट
घेतलं. १.१६५, १.१७०, १.१६०, १.१६५, १.१७०, १.१६५. रात्रीची लाईट होती, सकाळी ८ तास पूर्ण झाल्यावरचं रीडिंग आहे.

तांब्याची_तार
म्हणजे बॅटरी खराब निघाली नव्हती, उपाशी मेली.

तुमचा हिशोब मांडतो. साधा पंखा ७५ वॅट. २ पंखे × ९ तास = १,३५० वॅट-अवर. एलईडी ९ वॅटचे ४ × ४ तास = १४४. टीव्ही ६० × २ = १२०. राउटर १२ × १० = १२०. बेरीज १,७३४. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च आणि तूट धरून ०.८ नं भागा: बॅटरीतून सुमारे २,१७० जायला हवेत. आणि तुमची बॅटरी नवी कोरी असताना १२ × १५० = १,८००. तीही २० तासांत हळूहळू काढली तरच. म्हणजे रोज तळ गाठला जातोय.

आता भरायची बाजू बघा. या आकाराचे इन्व्हर्टर साधारण १० ते १५ अँपिअरनं चार्ज करतात. शेवटच्या टप्प्यात करंट आपोआप उतरतो, म्हणून सरासरी कमीच पडते. ८ तासांत ९०-१०० एएच आत गेले तर खूप. त्यातलंही सगळं साठत नाही. रोज थोडं थोडं देणं राहतं. अर्धवट भरलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, पहिल्यांदा ते मऊ असतं, पूर्ण चार्जिंगला परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे कडक खडे होतात, मग ते सुटत नाहीत. पाणी वेळेवर घालून या दुखण्याला उपाय होत नाही.

एक प्रश्न: इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो, तो कशावर आहे? आणि संध्याकाळी पंप चालू असताना घरात व्होल्टेज किती येतं?

मळ्याची_वाट
यूपीएसवर. व्होल्टेज १७०-१७५.

तांब्याची_तार
मग निम्मा चोर सापडला. यूपीएस मोडला साधारण १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की इन्व्हर्टर लाईट आलीच नाही असं समजतो. तारेत वीज असताना तुमचे पंखे बॅटरीवर फिरतायत, आणि चार्जिंग बंद. खटका नॉर्मलवर टाका, तिथं बहुतेक मशीनं १०० ते २९० पर्यंत घेतात. कॉम्प्युटर लाईट जाताना रिस्टार्ट होईल, लॅपटॉपला काही होत नाही. हा उपाय फुकट आहे, आजच करा.

विश्रामबागकर
मध्येच विचारतो, माफ करा. सांगलीत फ्लॅट आहे, आठवड्यातून एखाद्या वेळी अर्धा-पाऊण तास लाईट जाते. माझी ट्यूब्युलर ५ वर्षांची झाली. मीही लिथियम बघतोय.

तांब्याची_तार
नको. तुमची बॅटरी कायम भरलेली असते, ट्यूब्युलरला हेच मानवतं. लिथियमचे दोन-तीन हजार सायकल (भरणं-रिकामं होणं) तुम्ही या जन्मात वापरणार नाही, म्हणजे न वापरायच्या गोष्टीचे पैसे देणार.

सोल्डरगन
त्यात एक भर: फ्लॅट लहान असेल आणि बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवावी लागत असेल तर लिथियमला मत. ट्यूब्युलर चार्ज होताना हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ सोडते, शेजारची लोखंडी जाळी गंजते. बाल्कनी असेल तर तांब्याची_तार यांचंच ऐका.

मळ्याच्या केसमध्ये मात्र माझं मत लिथियमकडे झुकतं. कारण पाणी वाचतं हे नाही. लिथियमला अर्धवट भरलेलं राहिलं तरी काही वाटत नाही, आणि १०० एएचची एलएफपी (हीच लिथियम) बॅटरी ३० अँपिअरनं सहज भरून घेते. चार्जर तेवढा असला तर तीन-चार तासांत काम झालं. ज्याच्याकडे वीज यायची वेळच मोजकी आहे, त्याला या गोष्टीसाठी जास्त पैसे देणं पटतं. पुढे सौर कृषी वाहिनीवर (शेतीच्या फीडरला सौर वीज द्यायची सरकारी योजना) तुमचा फीडर गेला तर लाईट कायमची दिवसा येईल आणि प्रत्येक रात्र बॅटरीवर जाईल, तेव्हा तर जास्तच.

पण "१५० ची बरोबरी" हे वाक्य पिशवीत बांधून दुकानदाराला परत द्या. १२.८ × १०० = १,२८० वॅट-अवर, एवढाच माल आहे त्यात. तुम्हाला लागतात २,१७०. आहे त्या लोडवर ३४ हजार घालूनही पहाटे तीनला पंखा थांबणार.

तांब्याची_तार
म्हणून आधी पंखे. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगात २८ ते ३५ वॅट घेतो. २८ धरला तर २ × ९ तास = ५०४. बाकीचं तेच, बेरीज ८८८, बॅटरीतून १,११०. आता १,२८० मध्ये बसतं. काठावर बसतं, पण रात्री पंखा तिसऱ्या नंबरवर असतो, तिथं बीएलडीसी निम्म्याहून कमी खातो. दोन पंख्यांचे ६ हजारांच्या आसपास जातील. या सगळ्यात सर्वात जास्त वसूल होणारे पैसे हेच, बॅटरी कुठलीही घ्या. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र काढून सरळ स्विच करा, बीएलडीसी त्यावर चालवला की आतलं सर्किट जातं.

सोल्डरगन
बरोबर. आता लिथियम घेताना तपासायच्या गोष्टी, कारण जुन्या इन्व्हर्टरला नुसती वायर जोडून भागत नाही.

एलएफपीचे चार सेल, प्रत्येकी ३.६५ व्होल्ट, म्हणजे १४.६ ला बीएमएस (बॅटरीच्या आतलं रक्षण करणारं सर्किट) चार्जिंग तोडतो. ट्यूब्युलर मोडला काही इन्व्हर्टर मधूनमधून इक्वलायझेशनसाठी (सगळे सेल सारखे भरायला) १५ च्या वर जातात. तिथं बीएमएस ट्रिप होतो, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरीच काढली, आणि तो गोंधळतो. मेनूत लिथियम असेल तर उत्तम. नसेल तर एसएमएफ (पाणी न घालायच्या सीलबंद बॅटरीचा) किंवा जेल मोडवर ठेवा, त्यात १४.१ च्या आसपास थांबतं. बॅटरी पाच-दहा टक्के कमी भरेल, पण सुखानं राहील. दोन्ही नसतील तर इन्व्हर्टरही बदलायचे पैसे त्याच हिशोबात धरा.

बीएमएस किती अँपिअरचा आहे ते लिहून घ्या. ९०० व्हीएच्या मशीनवर पूर्ण लोडला बॅटरीतून ७० अँपिअर ओढले जातात. ५० चा बीएमएस असेल तर कुणीतरी चुकून मिक्सर लावला की घर अंधारात. ८० किंवा १०० चा हवा.

जुन्या इन्व्हर्टरवरचे टक्के बघू नका. लेड-ॲसिडचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, त्यावरून ते टक्के काढलेले असतात. एलएफपी १३.२ च्या आसपास तासन्‌तास बसून राहते आणि शेवटी एकदम कोसळते. पडद्यावर ८० टक्के दिसताना बंद पडली तर बॅटरी खराब नाही.

वॉरंटीत "प्रो-राटा" शब्द आहे का बघा. असेल तर चौथ्या वर्षी नवीन बॅटरी मिळत नाही, नव्या बॅटरीवर थोडी सूट मिळते. आणि दुरुस्ती सांगलीत होते की पेटी पुण्याला जाते, हे बिल करण्याआधी विचारा. पंधरा दिवस पेटी नसेल तर त्या वेळात काय, हेही.

मळ्याची_वाट
खटका नॉर्मलवर टाकला, रात्री दीडऐवजी अडीच तास चालली. दुकानदाराकडे बेंचवर ३६ तास हळू चार्ज केली, आता रीडिंग १.२०५. ठेवू का ही? आणि घरावर सबसिडीचं सोलर घेतलं तर बॅटरीच लागणार नाही असं एक जण म्हणाला.

सोल्डरगन
तो एक जण मळ्यात राहत नसणार. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे हे खरं, पण साधं ऑन-ग्रिड (तारेला जोडलेलं, बॅटरीशिवायचं) सोलर फीडरची लाईट गेली की स्वतःही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. तुमच्याकडे दुपारी कडक ऊन आणि लाईट नाही, तेव्हा पॅनल नुसते तापत बसतील. बॅटरीसाठी वेगळं एक ३००-३५० वॅटचं पॅनल आणि लिथियमला चालणारा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरी भरणारा चार्जर) घेता येतो. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा तेवढ्यावर बॅटरी भरेल.

तांब्याची_तार
१.२०५ म्हणजे तिसरा हिस्सा कायमचा गेला. १०० एएचच्या आसपास उरली. बीएलडीसी लावून तुमची रात्र ९० एएचला येते, म्हणजे परत रोज तळ. पंखे आता घ्या, ही बॅटरी उन्हाळ्यापर्यंत ओढा, मग लिथियम.

आणि तुमचा मळा नदीपासून किती? २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. ट्यूब्युलर ५५-६० किलोची, ती ऐनवेळी माळ्यावर चढत नाही. लिथियम १२-१३ किलोची, भिंतीवर उंच लावता येते. भिजलीच तर वाळवून चालू करायची नाही.

मळ्याची_वाट
नदी पाऊण किलोमीटर. ठरलं मग, पंखे या आठवड्यात, लिथियम मार्चमध्ये, ८० अँपिअर बीएमएस लिहून घेऊन. भंगारवाला म्हणतो, जुनीतलं पाणी बांधाला ओतून आणा, वजन नको.

तांब्याची_तार
ओतू नका. ते पाणी नाही, शिसं मिसळलेलं ॲसिड आहे. विहिरीला उतरेल. बॅटरी भरलेली तशीच दुकानात द्या, दुकानदार जुनी परत घेतो. वजावट किती देतोय ते लिथियमच्या बिलावरच लिहून मागा, तोंडी नको.