आरटीई २५ टक्के: जवळ महापालिकेची शाळा असेल तर खासगी शाळा मिळते का? एक किलोमीटर कुठून मोजतात?

भाडेकरू_पुणे

पहिलीसाठी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांच्या २५ टक्के मोफत जागांचा, अर्ज भरायचा आहे. घरापासून साधारण ६०० मीटरवर महापालिकेची शाळा आहे, ९०० मीटरवर एक विनाअनुदानित इंग्रजी शाळा. अर्ज भरून देणारे अजूनही सांगतात, की एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असली की खासगी शाळा यादीत येतच नाही. हे अजून लागू आहे का? दुसरं, ९०० मीटर हे रस्त्याने की सरळ रेषेत? रस्त्याने गेलं तर दीड किलोमीटर भरतं, मध्ये नाला आहे. आणि घर भाड्याचं आहे, करार लवकरच संपतोय. कोणता पत्ता टाकायचा?

नियमवाचक

तो नियम रद्द झालाय. गोंधळ होतो कारण एक किलोमीटरच्या दोन वेगवेगळ्या अटी लोक एकत्र करतात.

पहिली अट ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेतली. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या विनाअनुदानित शाळांना २५ टक्क्यांतून वगळलं होतं. म्हणजे तिथे अंतर शाळा ते शाळा मोजायचं, तुमच्या घराचा त्यात संबंधच नाही. शहरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत नाही अशी जागा शोधावी लागते, त्यामुळे पुण्या-मुंबईत बहुतेक इंग्रजी शाळा यादीतून गायब झाल्या. त्यांच्याऐवजी सरकारी आणि अनुदानित शाळा यादीत घातल्या, म्हणून पोर्टलवर सुमारे ७६ हजार शाळा आणि ८ लाख ८६ हजार जागा दिसत होत्या, अर्ज मात्र ७० हजारांच्या आसपासच आले. साहजिक आहे. महापालिकेच्या शाळेत तसंही फी नाही, तिथे जायला सोडत कशाला हवी?

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला स्थगिती दिली, अर्ज नव्याने मागवले गेले आणि या वेळी जवळपास १ लाख ५ हजार जागांसाठी २ लाख ४२ हजार अर्ज आले. १९ जुलैला ती दुरुस्ती मूळ कायद्याच्या कलम १२(१)(सी) शी (खासगी शाळांत २५ टक्के जागा देणारं कलम) विसंगत म्हणून रद्द झाली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्या वर्षीच्या मुलांना भुर्दंड पडला तो वेळेचा: सोडत जूनमध्ये निघाली, पण निकाल बाहेर आला जुलैच्या उत्तरार्धात, तेव्हा शाळा सुरू होऊन महिना झाला होता. ज्यांनी वाट न पाहता दुसरीकडे फी भरली, त्यांचे पैसे अडकले.

दुसरी अट जुनी आहे आणि आजही आहे: तुमचं घर ते निवडलेली शाळा. तुमच्या ९०० मीटरचा हिशेब तिथे लागतो.

नकाशावाला

अंतर सरळ रेषेत, हवाई. नाला, नदी, रेल्वेचे रूळ, उड्डाणपूल काहीच धरलं जात नाही. तुमच्या बाबतीत हे फायद्याचं आहे. पण नदीपलीकडची ८०० मीटरवरची शाळा निवडताना पुलाचा वळसा आधी मोजा, कारण बसचा खर्च या योजनेत मिळत नाही.

सोडतीत आधी ० ते १ किलोमीटरमधले अर्ज, जागा उरल्या तर १ ते ३, मग त्यापुढचे. शाळेच्या प्रवेशस्तरावर ४० मुलं असतील तर १० जागा. एक किलोमीटरच्या आतून ६० अर्ज आले की १ ते ३ मधल्यांना तिथे शून्य. त्यात हे लक्षात घ्या, की १ ते ३ किलोमीटरचं कडं पहिल्या वर्तुळाच्या आठपट क्षेत्रफळाचं असतं. अर्जदार तिथे भरपूर, संधी जवळजवळ नाही. म्हणून जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात त्यात आधी एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या टाका. नामांकित पण दोन किलोमीटरवरची शाळा शेवटी. अल्पसंख्याक शाळा या योजनेतच नाहीत, त्या यादीत शोधू नका.

खरी चूक होते ती फुग्यात. पत्ता टाइप केल्यावर नकाशावरचा लाल फुगा बऱ्याचदा पिनकोडच्या मध्यावर किंवा पोस्टाजवळ जाऊन बसतो. तो ओढून आपल्या इमारतीवरच ठेवायचा. मोबाइलवर बोट सरकतं, शक्यतो संगणकावर करा, उपग्रह चित्र लावून छप्पर ओळखा. ९०० मीटरवाल्याला १५० मीटरची चूक थेट दुसऱ्या गटात ढकलते. उलट, मुद्दाम शाळेजवळ फुगा ठेवला तर पडताळणी समिती कागदावरचा पत्ता आणि फुगा जुळवते. सोडतीत नाव लागूनही प्रवेश जातो, तेव्हा दाद मागायला जागा नसते.

शाळेचं ठिकाणही नकाशावर चुकलेलं असू शकतं, विशेषतः इमारत बदललेल्या शाळांचं. यादीत अंतर विचित्र दिसलं तर मुदत संपण्याआधी मदत केंद्रावर किंवा शिक्षण विभागाच्या कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. सोडत झाल्यावर कुणी ऐकत नाही.

भाडेकरू_पुणे

म्हणजे फुगा आणि करार दोन्ही एकाच पत्त्याचे हवेत. नोटरी केलेला करार चालेल?

पडताळणी_टेबल

नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या तारखेच्या आधीचा हवा. तुमचा करार संपतोय, तर अर्ज सुरू व्हायच्या आत नूतनीकरण नोंदवून घ्या. ऑनलाइन नोंदणीत मालकाचाही अंगठा लागतो, तो परगावी असेल तर आठवडा धरा. घर बदलणारच असाल तर आधी बदला, मग अर्ज भरा. जुन्या पत्त्यावर अर्ज आणि पडताळणीला नवा करार, हे सगळ्यात जास्त अडतं. शंका आली तर समिती प्रत्यक्ष राहता का ते पाहते.

बाकी कागद: जन्माचा दाखला, वय ३१ डिसेंबरला किमान ६ पूर्ण. वंचित गटाला (अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाची अट नाही. परराज्यातला जातीचा दाखला चालत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाला वर्षाला १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, तो तहसीलमधून यायला वेळ लागतो म्हणून आधीच काढा. एका मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद. अर्ज कायम केल्यावर दुरुस्ती होत नाही. मुदतीत असाल तर तो रद्द करून नवा भरायचा. एसएमएसच्या भरवशावर राहू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः पाहा.

प्रवेश झाल्यावर घर बदललं तर जागा जात नाही, आठवीपर्यंत राहते. मात्र नव्या घराजवळच्या शाळेत ही सवलत सोबत नेता येत नाही आणि एकदा प्रवेश घेतला की पुन्हा अर्जही करता येत नाही. दर ११ महिन्यांनी घर बदलणाऱ्यांनी शाळा निवडताना हे धरून चालावं: आज ९०० मीटरवर आहे, तीन वर्षांनी सहा किलोमीटरवर असू शकते. नववीपासून पूर्ण फी.